कुसुमताई, तुमचं पीलियाचं पत्र

ताई, रडून झालं आहे. आता तुमच्यावर चिडायला बसले आहे, हे आधीच सांगते.

बत्तीस वर्षं रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या तुम्ही. छातीत दुखणं म्हणजे काय, हे आपल्या मोहल्ल्याला, अख्ख्या पाऱ्याला तुम्ही शिकवलं. विहारात वंदना संपली की सतरंज्या गुंडाळता गुंडाळता बायांना थांबवून सांगायच्या, "डावा हात जड वाटला, घाम सुटला, जबडा दुखला, तर गॅस गॅस करत बसू नका. सरळ दवाखाना." कितीदा ऐकलं मी हे. पाठ झालं होतं.

आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा काय केलं? ओवा खाल्ला.

त्या मंगळवारी साडेसातला तुम्ही पेपर वाचायला आल्या नाहीत. खरं सांगू? मला बरं वाटलं. आठवीचे हिंदीचे पेपर तपासायचे पडले होते, आणि तुम्ही आल्या की तास गेलाच समजायचा. सव्वाआठला मात्र चैन पडेना. दोन घरं सोडून तर तुमचं घर. दार नुसतं लोटलेलं. तुम्ही पलंगाच्या काठावर स्वेटर घालून बसलेल्या, आणि जानेवारीच्या थंडीत कपाळावर घामाचे थेंब.

"काय होऊन राहिलं, ताई?"

"काही नाही वं. गॅस झाला. ओवा घेतला आता."

माझ्या निखिलने गाडी काढली. मोठ्या चौकात रस्ता अर्धा बंद. कोणीतरी पुढारी जुना पक्ष सोडून नव्या पक्षात गेला होता, त्याच्या स्वागताचा मांडव. त्याचा हात जोडलेला फोटो दोन मजली. निखिल हॉर्न वाजवून राहिला होता, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकवून, श्वास पुरत नसताना म्हणता काय, "रेखा, याचा फोटो काढून ठेव. उद्याच्या पत्रात घालू."

मी म्हणाले, "गप बसा हो, ताई."

तुम्हाला धड ऐकू गेलेलं माझं शेवटचं वाक्य ते. आता ते परत घेता येत नाही.

दवाखान्यात नर्सपोरगी तुमच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होती तर तुम्ही तिला म्हणाल्या, "थोड़ा ऊपर बाँध बेटा." डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी त्रास झाला होता का. तुम्ही स्पष्ट म्हणाल्या, "नहीं." दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेल्या. मग चार दिवसांनी तुमच्या कागदांच्या डब्यात पेन्शनच्या पुस्तकाखाली घडी घातलेला ईसीजी सापडला. दिवाळीच्या आधीचा. कोपऱ्यात तुमच्याच अक्षरात पेन्सिलीनं एक शब्द लिहिलेला, "पाहू."

जगाच्या तब्येतीवर संपादकाला पत्रं, आणि स्वतःच्या काळजावर "पाहू". कोणाला सांगू हे? सांगायची जागा तर तुम्हीच होत्या.

*

पत्रांचं सुरू झालं ते तुम्ही रिटायर झाल्यावर. पहिला महिना तुम्ही घरातली भांडी घासून घासून पातळ केली. मग एक दिवस पेपर हातात घेऊन माझ्याकडे आल्या. "हे वाच. सरकारी दवाखान्यात एका बेडवर दोन बाळंतिणी. आणि खाली काय छापलं? कोण्या मंत्र्यानं फीत कापली. मले याले उत्तर लिहायचं हाय."

बोलायला हिंदी तुमची फाडफाड, पण लिहायला बसलं की मात्रा तुमच्याशी भांडायच्या. मी शाळेत हिंदी शिकवणारी. तेव्हा ठरलं की तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत लिहायचं, मी त्याची हिंदी करायची आणि फोनवरून पेपरला पाठवायची. खाली नाव तुमचं, "कुसुम, सेवानिवृत्त नर्स, रायपुर". अकरा वर्षं चाललं हे. तुमचा भाऊ, माझा नवरा, उरल्याहून रोलिंग मिलची शिफ्ट करून यायचा, नाकातली काळी धूळ धूत धूत विचारायचा, "झालं का तुमचं दोघींचं सरकार चालवून?"

आपलं भांडणही तितकंच जुनं. पत्र छापून आलं की दुसरी कोणी बाई खूश झाली असती. तुम्ही दारातूनच ओरडत यायच्या.

"हे काय लिहिलं तू?"

"तुमचंच तर आहे."

"मी लिहिलं होतं, यांना लाज नाही. इथं काय छापलं? 'यह स्थिति अत्यंत खेदजनक है.' कोणाले खेद झाला? मले तर राग आला होता!"

"राग छापत नाहीत, ताई."

"तू पाठवून तर पाहा एकदा."

मी कधी पाठवला नाही. तुमच्या "चोर" या शब्दाचं मी "संबंधित अधिकारी" करायची. "खोटं बोलून राहिले" याचं "यह तथ्यों से परे प्रतीत होता है" करायची. पक्ष बदलणाऱ्यांवर तुम्ही एकदा लिहिलं होतं, "माझ्या वॉर्डातले पेशंटसुद्धा बेड बदलताना सिस्टरला विचारत. हे तर मत देणाऱ्याला न विचारता बेड बदलतात." इतकं चांगलं वाक्य, आणि मी ते गाळलं. का, तर शब्दांची मर्यादा. खरं म्हणजे मला वाटलं, कशाला. शाळेच्या समितीवर दोन्हीकडचे लोक आहेत, कोणाला लागलं तर.

तुम्हीही काही कमी नव्हत्या. नव्या रायपूरला क्रिकेटची मॅच होती तेव्हा पाऱ्याजवळच्या मैदानावर गाड्या उभ्या केल्या आणि पोरींची खो-खोची निवड पुढं ढकलली. तुम्ही रेल्वेच्या खो-खो टीममध्ये खेळलेल्या. त्या सकाळी तुम्ही कॅलेंडर पुढ्यात ओढलं. "हे क्रिकेटवाले साऱ्या खेळांच्या डोक्यावर बसले," असं लांबलचक लिहून दिलं. मी त्याची हिंदी करायला बसले. संध्याकाळी येऊन पाहते तर तुम्ही माझ्याच टीव्हीसमोर, पायावर पाय टाकून, "मार ना रे! ब्याट कायले धरली मग!" मी म्हटलं, ताई, सकाळचं पत्र? तर म्हणे, "ते सकाळचं हाय. आता ओव्हर चालू हाय, मधात नको बोलू."

तुमच्यासोबत राहणं म्हणजे डोकं धरून बसणं होतं. आणि तुम्ही गेल्यापासून डोकं धरायलासुद्धा काही कारण उरलं नाही. पेपर येतो, मी उघडते, चार पानं उलटते, ठेवून देते. राग यायला दोघी लागतात बहुतेक.

*

आता पीलियाच्या पत्राचं.

मागच्या मे महिन्यात मागच्या गल्लीत नळाच्या पाण्याला वास यायला लागला. मग एकाचे डोळे पिवळे, मग दोघांचे. कावीळच, इथल्या भाषेत पीलिया. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, "मौसमी बीमारियों से सावधान रहें." तुम्ही पेपर ओट्यावर आपटला.

"मोसमाले काहून बदनाम करून राहिले? नाली पाहा म्हणा, नाली!"

दुसऱ्या दिवसापासून त्या उन्हात छत्री घेऊन तुम्ही दारोदार फिरलात. अंगठ्यानं माणसांच्या पापण्या खाली ओढून पाहायच्या, वहीत नाव लिहायच्या, पाणी उकळून प्या म्हणून ओरडून पुढच्या घरी. दोन गल्ल्यांत मिळून चौदा नावं झाली. पारा तुम्हाला हसत होता आणि पाणीही उकळत होता.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी चहा पिताना निखिल तुम्हाला म्हणाला, "बुआ, वो जो नई लाइन डली है ना, उसका जॉइंट सीधा नाली के नीचे है. मैंने साइट पे बोला भी था. कोई सुनता नहीं."

मी तिथंच बसले होते. तुमचे कान टवकारलेले मला दिसले. निखिल दोन वर्षं घरी बसला होता, ताई. तुम्हाला माहीत आहे. दिवसभर फोन पाहायचा, जेवताना मान वर करायचा नाही. त्या मेच्या आठ महिने आधी त्याला सुपरवायझरची नोकरी लागली होती, आणि ती नळाची लाइन टाकणाऱ्या त्याच ठेकेदाराकडे.

तुम्ही पत्र लिहून आणलं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. जॉइंट कोणत्या घरासमोर आहे ते लिहिलेलं, ठेकेदाराचं नाव लिहिलेलं, चौदा नावांची यादी जोडलेली. आणि शेवटी तुमचं ते वाक्य, "ही माहिती मला काम पाहणाऱ्या माणसाकडूनच मिळाली आहे."

काम पाहणारा माणूस म्हणजे कोण, हे ठेकेदाराला कळायला किती वेळ लागला असता?

"कधी पाठवतेस?"

"आज संध्याकाळी पाठवते."

संध्याकाळी मी बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुमचा एकही शब्द मऊ न करता त्याची हिंदी केली. कडक झाली होती. शाळेत शिकवावी अशी. आणि पाठवायच्या जागी बोट नेऊन थांबले. ते पत्र आजही माझ्या फोनमध्ये न पाठवलेल्या मेलमध्ये आहे.

सकाळी तुम्ही आल्या. "पाठवलं?"

"पाठवलं."

इतकं सोपं गेलं मला ते.

मग रोज सकाळी साडेसातला तुम्ही यायच्या, पत्रांचं पान आधी उघडायच्या, बोट फिरवत खाली जायच्या. "नाही छापलं." मी म्हणायची, "येईल." मी पाठ करून पोळ्या लाटायची. तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती. मनात मात्र तुमच्यावरच चिडायची. स्वतःच्या भाच्याचा विचार नको करायला? पोट्टा तुमच्या मांडीवर वाढला. एक नाव गाळलं असतं, ते एक वाक्य गाळलं असतं, तर काय बिघडलं असतं? पण हे तुम्हाला तोंडावर म्हणाले नाही. म्हणाले असते तर तुम्ही काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि मला उत्तरच नको होतं.

सहाव्या दिवशी मागच्या गल्लीतल्या पूर्णिमाचे डोळे पिवळे झाले. ऑटोवाल्याची बायको, सातवा महिना. पहिलंच. पापणी खाली ओढून पाहिल्यावर तुमचा चेहरा बदलला तो मी दारातून पाहिला. गरोदर बाईला हा पीलिया वाईट असतो, हे तुम्ही मला मागेच सांगितलं होतं. तिला घेऊन तुम्ही त्याच ऑटोतून दवाखान्यात गेल्या, आणि दोन दिवस तिथंच बसून राहिल्या.

परत आल्या त्या दुपारी माझ्या ओट्यावर टेकल्या. चप्पलही काढली नाही.

"पोट्टी वाचली," तुम्ही म्हणाल्या. "लेकरू नाही वाचलं."

मी पाण्याचा ग्लास दिला. उकळलेलं आहे, असंही म्हणाले. मूर्खासारखं.

ग्लास रिकामा करून तुम्ही विचारलं, "पत्राचं काही आलं?"

आणि मी म्हणाले, "नाही ना. छापत नसतील असली पत्रं."

ताई, पूर्णिमाचं लेकरू गेलं हे ऐकल्यावर मी हे म्हणाले. तेव्हा तरी आत जाऊन फोन आणायला पाहिजे होता.

दुसऱ्या सकाळी तुम्ही आल्या नाहीत. कुठं तरी कामाला जाते म्हणून निरोप दिला. आणि त्याच्या पुढच्या दिवशी पेपरात शहराच्या पानावर मोठी बातमी. पत्र नव्हे, बातमी. नालीखालच्या जॉइंटचा फोटो. चौदा नव्हे, पंधरा रुग्ण, आणि पूर्णिमाचं नाव न देता तिची गोष्ट. मी हुश्श केलं. मला वाटलं, पेपरवाल्यांनी आपणहून शोधून काढलं. माझ्याविना झालं, निखिलचं नावही आलं नाही, सुंठीवाचून खोकला गेला.

मग सगळं धावत आलं. टँकर आले आणि टँकरवर फोटोही आले. गोळ्या वाटल्या. डॉक्टर मांडव टाकून बसले. आणि लाइन उखडून नवी टाकायचं काम कोणाला मिळालं? त्याच ठेकेदाराला. निखिलला सुटीच्या दिवशीही कामावर बोलावलं. ज्या नोकरीच्या भीतीनं मी ते पत्र दाबून ठेवलं, ती नोकरी त्या भानगडीनं उलट पक्की झाली! तुम्ही हे ऐकून ओट्यावर बसून कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "याच्यावर तर मले पत्रबी लिहिता येत नाही. शब्दच नाही सापडून राहिला." आपण दोघी हसलो. तेव्हा तुम्ही मनातून कशा हसल्या असाल, हा विचार आता मला जेवू देत नाही.

कारण तुम्हाला माहीत होतं.

*

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. विहारातल्या बाया पांढऱ्या साड्यांत, मागच्या गल्लीतले लोक, रेल्वेतल्या तुमच्या दोन जुन्या सिस्टर. पूर्णिमा भिंतीला टेकून बसली होती. वंदना झाल्यावर एक चष्मेवाले गृहस्थ माझ्याकडे आले. साठीच्या जवळपासचे. म्हणाले, मी तिवारी, पेपरात पाठकों के पत्र का पन्ना देखता हूँ.

मी हात जोडले. तुमची किती पत्रं छापली त्यांनी, आभार मानले. ते म्हणाले, "मैडम से एक ही बार मिला मैं. मई में आई थीं, दफ़्तर में. बहुत गुस्से में."

मला कळेना. "मे महिन्यात?"

त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही ऑटोनं त्यांच्या ऑफिसात गेल्या, मराठीतलं पत्र आणि वही घेऊन. विचारलं, माझं पत्र का छापत नाही? त्यांनी मेल उघडून तुमच्यासमोर शोधलं, आधीची सगळी पत्रं दाखवली, आणि म्हणाले, मैडम, यह वाला तो आया ही नहीं. त्यांनी पाणी मागवलं. मग तुम्ही म्हणाल्या, "मेरी भाभी भेजती है. उसका फोन खराब चल रहा होगा." आणि तिथंच खुर्ची ओढून तुम्ही त्यांना सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी एका बातमीदाराला बोलावलं. बातमीदारानं लिहून घेतलं. शेवटी तुम्ही एक गोष्ट बजावून सांगितली, "जॉइंट का मुझे किसने बताया, यह मत लिखना. घर का लड़का है."

मी त्यांना चहा आणून दिला, ताई.

म्हणजे ते वाक्य तुम्ही गाळलं. मी तोंड उघडून सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी गाळलं असतं. एवढंच करायचं होतं. "ताई, हे एक वाक्य काढा," इतकं म्हणायचं होतं मला. खेदजनक आणि संबंधित म्हणून अकरा वर्षं तुमचे शेकडो शब्द न विचारता बदलले, आणि हे एक वाक्य विचारून काढायचं मला सुचलं नाही.

लोक गेल्यावर मी निखिलला सगळं सांगितलं. त्याला हिंदीतच सांगितलं, कारण मराठीत मी सांगितलं की तो अर्धं ऐकतो. तो चहाचे कप गोळा करत होता. थांबला.

"मम्मी, बुआ ने तो मुझसे पूछा था. चिट्ठी लिखने से पहले."

"काय विचारलं होतं?"

"कि तेरी बात लिखूँ क्या, नौकरी को दिक्कत होगी तो नहीं लिखती. मैंने ही बोला, लिख दो बुआ, जो होगा देखेंगे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आपने पूछा कब?"

तो कप घेऊन आत गेला. माझ्याच पोटचा पोट्टा, आणि त्याला भीती नव्हती. ती सगळी माझी होती. मी ती त्याच्या नावावर खपवली.

*

तुम्ही तेव्हापासून जानेवारीपर्यंत माझ्याकडे रोज आल्या. हे मला सगळ्यात जास्त छळतं. मी खोटं बोलले हे माहीत असून तुम्ही पत्रं माझ्याकडेच आणली. नोव्हेंबरात पोरींनी वर्ल्ड कप जिंकला त्याच्या दुसऱ्या सकाळी तुम्ही नाचतच आल्या होत्या, आणि पेपर उघडल्याबरोबर भडकल्या. "पोरींचा फोटो एवढासा आणि अभिनंदन करणाऱ्याचा एवढा मोठा! यानं कोणता क्याच घेतला?" पत्र लिहून दिलं, मी पाठवलं. खरोखर पाठवलं. छापून आलं तेव्हा तुम्ही वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच भांडल्या नाहीत. "बरं केलं," म्हणाल्या. मला वाटलं, वयानं मऊ झाल्या. मी तर त्या वेळी तुमच्या चेहऱ्याचा रंग उतरलेलाही पाहिला नाही. ईसीजी तेव्हा डब्यात होता.

आणि जुलैमधली ती एक दुपार. आपण दोघी लाल भाजी निवडत होतो. बाहेर झड लागली होती. बोलणं कशाचंच चाललं नव्हतं, आणि तुम्ही एकदम, मान वर न करता म्हणाल्या, "रेखा, पीलियाचा जंतू पोटात गेला की लगेच नाही दिसत. तीन-तीन हप्ते, महिनाभरबी दबून बसते. मग डोळे पिवळे होते. पूर्णिमाले जो झाला, तो आपण पत्र लिहायच्या आधीचाच होता. समजलं?"

मी म्हणाले, "हो का." आणि म्हणाले, "या भाजीत माती फार आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. पुन्हा विचारलं, "समजलं ना तुले?"

"समजलं हो, ताई," मी जरा वैतागूनच म्हणाले. मला वाटलं, नर्सबाई सुरू झाल्या.

आता समजलं. सहा महिन्यांनी, तुमचा फोटो भिंतीवर लागल्यावर.

पण ताई, तुम्ही अर्धंच सांगितलं. पूर्णिमाचं मी मानते, तुम्ही नर्स होत्या, तुम्हाला माहीत. पण मी पत्र दाबून ठेवलं त्या नऊ दिवसांत ज्यांनी ते पाणी प्यायलं त्यांचं काय? जूनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची सून पडली, तिची शाळेत जाणारी मुलगी पडली. दोघी बऱ्या झाल्या. पण महिनाभर ती मुलगी खाटेवर होती, आणि तो महिना कदाचित माझा आहे. हे तुम्हाला दिसलं नसेल असं होणार नाही. तुम्ही वहीत त्यांची नावं लिहिली होती. मी पाहिली काल.

म्हणून मला तुमचा राग येतो. तुम्ही कोणालाच सोडलं नाही कधी. मंत्र्याला, ठेकेदाराला, क्रिकेटवाल्यांना, डॉक्टरांना, मिलमध्ये तोंडाला फडका न बांधणाऱ्या सख्ख्या भावाला. सगळ्यांना तोंडावर बोललात. एका मला सोडलं. का? मी घरची म्हणून? घरच्या माणसाला वाचवायला खरं दाबून ठेवायचं, हेच तर मी केलं होतं! तेच तुम्ही माझ्यासाठी केलं. मग मी कोणाकडे पाहून शिकायचं, सांगा.

तुम्ही त्या दिवशी पेपरच्या ऑफिसातून निघून सरळ माझ्या दारात यायला पाहिजे होतं. पारा गोळा झाला असता तरी चाललं असतं. "काहून खोटं बोलली तू?" असं ओरडायला पाहिजे होतं. मी रडले असते. निखिलचं नाव पुढं केलं असतं, तुम्ही ते खोडून काढलं असतं. दोन-चार दिवस मी तुमच्याशी बोलले नसते. मग एका सकाळी साडेसातला तुम्ही चष्मा पुसत आल्याच असत्या, कारण पेपर माझ्याकडे येतो, आणि मी पोळपाट बाजूला सारून तुमच्याकडे पाहिलं असतं, आणि जे आज कागदाला सांगावं लागतं आहे ते तुम्हाला सांगितलं असतं, की फोन चांगला होता, ताई. मी भ्याले होते.